मुदत वाढतेच

शाळेचं नाव सांगत नाही. माझ्या पेन्शनचे कागद अजून तिथंच तयार व्हायचेत, आणि ते तयार करणारी मीच असले तरी सही प्राचार्यांची लागते. मुळशी तालुक्यात आहे, एवढं पुरे. पाचवी ते बारावी, बारावीला शास्त्र शाखा, शास्त्र शाखेला प्रयोगशाळा आणि प्रयोगशाळेला कुलूप. मी तिथं सव्वीस वर्षं क्लार्क आहे. नाव शारदा. पोरं तोंडावर मॅडम म्हणतात. मागून काय म्हणतात तेही मला माहीत आहे, आणि ते काही चूक नाही.

प्रियदर्शिनी घोटावड्याची. वडील सोमनाथ तिथल्याच एका कारखान्यात पेंट शॉपला, आई इंदूबाई आशा सेविका. पोरगी शांत. शांत पोरांची मला धास्ती वाटते, कारण ती माझ्या कचेरीच्या खिडकीवर आली की त्यांचं खरंच काहीतरी काम असतं.

अकरावीच्या दिवाळीनंतर ती पहिल्यांदा खिडकीवर आली.

"मॅडम, पाठकोरे कागद आहेत का?"

"कशाला?"

"गणितं करायला. वह्या संपल्या."

आमच्या कचेरीत काय नाही ते विचारा, पण पाठकोरे कागद मात्र पोत्यानं आहेत. मी तिला जुन्या परिपत्रकांचा एक गठ्ठा दिला. पुढच्या बाजूला 'तात्काळ' आणि 'अतितात्काळ' असं छापलेलं, मागची बाजू कोरी. "व्हरांड्यात कागद उडवलेस तर खबरदार," म्हटलं. पंधरा दिवसांनी परत आली. गठ्ठा संपला होता. तेव्हा मी विचारलं की बाई, एवढी गणितं आणतेस कुठून?

तर तिकडे दक्षिणेत गणिताची एक संस्था आहे म्हणे. देशभरातून वर्षाला चाळीस पोरं घेते, राहणं-खाणं-शिकणं सगळं संस्थेकडे. त्यांची परीक्षा आपल्या बोर्डासारखी नसते. साडेतीन तासांत सहा प्रश्न, आणि प्रत्येक प्रश्न 'सिद्ध करा' असा. हिला ते मोबाइलवर सापडलं, आणि हिनं ठरवलं की आपण तिथं जायचं. घरात ठरवलं नाही, शाळेत ठरवलं नाही, स्वतःच ठरवलं.

बावधनला मोठे क्लास आहेत. आईबरोबर जाऊन विचारून आली. तिथले म्हणाले, असल्या परीक्षेच्या नादी लागू नका, इंजिनिअरिंगची बॅच घ्या. आमचे प्राचार्य शेखर सर म्हणाले, नर्सिंगला जा, मुलींना बरं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, आधी बोर्ड बघ. आमचे गणिताचे शिक्षक तासिका तत्त्वावर, दोन वर्षांत तीन झाले. तिसरे शैलेश सर, भला माणूस. त्यांनी तिची जुनी प्रश्नपत्रिका हातात घेतली, पहिला प्रश्न वाचला, म्हणाले, "थांब, चहा पिऊन येतो." चहा पिऊन आले आणि म्हणाले, "मला हे येत नाही. तुला सुटलं तर मलापण दाखव." तीन शिक्षकांत एवढं खरं बोलणारा तोच एक निघाला.

मग हिची उत्तरं तपासायची कुणी? तर हीच. मी डोळ्यांनी बघितलंय. प्रश्न सोडवायची, कागद पिशवीत ठेवून द्यायची, आठ दिवस त्याला हात लावायची नाही. आठ दिवसांनी लाल पेन घेऊन बसायची आणि परक्या पोरीचा पेपर असल्यासारखा तपासायची. एकदा मधल्या सुट्टीत डोकावले तर स्वतःला दहापैकी दोन देत होती.

"अगं, पानभर लिहिलंयस की! चार तरी दे," म्हटलं.

"न्हाई मॅडम. हितं तिनं धरून चाललंय की हे खरंय. सिद्ध केलं न्हाई."

'तिनं' म्हणाली. म्हणजे ही स्वतःच. आमच्या शाळेत प्रात्यक्षिकाचे तीसपैकी अठ्ठावीस वर्गात न आलेल्या पोरांनाही पडतात.

असं सव्वा वर्ष चाललं. बारावीच्या जानेवारीत त्या संस्थेचा फॉर्म निघाला. फोटो, सही, दाखले, सगळं तिनं एकटीनं मोबाइलवर भरलं. शेवटच्या पानावर गाडी अडली. तिथं एक चौकट होती, 'शाळेचे समुपदेशक', आणि चौकटीला लाल चांदणी. चांदणी म्हणजे रिकामी सोडायची नाही. समुपदेशकाचं नाव द्यायचं, इमेल द्यायचा. मग त्या इमेलवर अहवालाचा फॉर्म येणार, तो समुपदेशकानं भरायचा. तो भरला की अर्ज पोचला, नाहीतर नाही.

आमच्याकडे समुपदेशक कुठला? आमच्याकडे घंटेचा दोर तुटला तर वर्षभर शिपाई दयानंद पोरांना हाका मारून बोलावत होता. ती शेखर सरांकडे गेली. सरांनी मला आणि दयानंदला केबिनमध्ये बोलावलं.

"कुणाचं तरी नाव टाकावं लागेल," सर म्हणाले. "दयानंद?"

"माझ्या पाठीत चमक भरलीय," दयानंद म्हणाला.

"मग शारदाताई, तुम्हीच. पोरांशी सगळ्यात जास्त तुम्ही बोलता."

"मी बोलत नाही सर. ओरडते."

"तेच ते."

अशी मी समुपदेशक झाले. पगारात फरक नाही, खुर्ची तीच. प्रियदर्शिनीनं माझं नाव टाकलं, माझा इमेल मला शोधून दिला, त्याचा पासवर्डही तिनंच नवा केला.

सोमवारी अहवालाचा फॉर्म आला. इंग्रजीत अकरा प्रश्न. विद्यार्थ्याला किती वर्षं ओळखता, किती वेळा मार्गदर्शन केलं, शाळेत वरच्या पातळीचे कोणते विषय शिकवले जातात, असलं सगळं. माझ्यासमोर बारावीची प्रवेशपत्रं, प्रात्यक्षिकांचे गुण ऑनलाइन भरायचे, सर साताऱ्याला पुतण्याच्या लग्नाला, आणि शाळेचा शिक्का सरांच्या कपाटात. ती खिडकीत उभी.

"मॅडम, शुक्रवारी पाचपर्यंत हाय."

"शिक्का सरांच्या कपाटात आहे."

"शिक्का मागितला न्हाई त्यांनी. नुसतं भरून पाठवायचंय."

"शिक्का न मागणारी संस्था मी अजून बघितली नाही. आत्ता मागत नसतील, मागून मागतील."

"पण शुक्रवारच शेवटचा हाय. लिहिलंय तसं, मुदतवाढ मिळणार नाही."

तेव्हा मी पेन खाली ठेवलं. सव्वीस वर्षांचा अनुभव असलेलं माणूस हसतं तशी हसले.

"ते सगळेच लिहितात," म्हटलं. "शिष्यवृत्तीची मुदत मागच्या वर्षी चारदा वाढली. अकरावीची वाढली. रेशनच्या केवायसीची वाढली. गाडीच्या नंबरप्लेटची किती वेळा वाढली ते सरकारलासुद्धा आठवत नसेल. पहिल्या तारखेला जो फॉर्म भरतो त्याचाच फॉर्म सर्व्हर बंद पडून डबल होतो, आणि मग तो दुरुस्तीला माझ्याकडे येतो. म्हण आहे ना, सरकारी काम, सहा महिने थांब. तू निवांत अभ्यास कर. सर आले, हे बारावीचं लचांड संपलं, की पुढच्या आठवड्यात आपण दोघी शांतपणे बसू आणि एक-एक प्रश्न नीट भरू. मुदत वाढतेच."

तिनं पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "बरं मॅडम."

समुपदेशक म्हणून मी दिलेला हा पहिला सल्ला.

शुक्रवारी मी अर्धी रजा घेतली. घरी हळदीकुंकू होतं, त्रेचाळीस बायका, वाण म्हणून झाकणाचे डबे. पाच वाजता मी तिळगूळ देत होते.

शनिवारी सकाळची शाळा. ती फाटकातच उभी होती.

"बंद झालंय मॅडम."

"होणारच. शुक्रवार होता ना. आता वाढेल."

सोमवारी वाढली नाही. म्हटलं, शनिवार-रविवार सुट्टी असणार, सोमवारी बैठक घेतील, मंगळवारी टाकतील. मंगळवारी वाढली नाही. बुधवारपासून मीच सकाळी आल्या-आल्या ते पान उघडायला लागले. हजेरीचा मस्टर नंतर, आधी ते पान. दयानंद चहा घेऊन आला की विचारायचा, "वाढली का वो?" मी म्हणायचे, "आज संध्याकाळपर्यंत." असे नऊ दिवस. दहाव्या दिवशी ते पानच गायब झालं आणि त्या जागी परीक्षा केंद्रांची यादी आली. पुण्याचं केंद्र तिसऱ्या नंबरला होतं.

प्रियदर्शिनी माझ्या मागं उभी राहून तो स्क्रीन वाचत होती, आणि मला मान वळवायचं धाडस होईना.

"मॅडम," ती म्हणाली, "मुदत वाढल्यावर ही यादी बदलतील का हीच ठेवतील?"

देवा. तिला अजून वाटत होतं की मला कळतंय.

मी तिला वर्गात पाठवलं आणि फोन लावला. मदतीचा नंबर होता, तो चक्क लागला. पलीकडे एक पोरगा, हिंदीत बोलणारा, अतिशय नम्र. मी त्याला सगळं सांगितलं आणि विचारलं, मुदत कधी वाढवताय?

"मॅडम, हम बढ़ाते नहीं."

"अहो, पण दरवर्षी किती वेळा वाढवता?"

"कभी नहीं मॅडम. वेबसाइट पे लिखा है."

लिहिलंय म्हणे. सव्वीस वर्षांत लिहिल्याप्रमाणे वागणारं ऑफिस मला पहिल्यांदा भेटलं, आणि नेमकं तेव्हाच भेटलं. मी त्याच्यावर ओरडले. मग रडकुंडीला येऊन माफी मागितली. पोरगा म्हणाला, चूक शाळेची असेल तर शाळेनं समितीला तसं लेखी कळवावं, समिती विचार करते. होईल असं सांगत नाही, पण विचार करते.

मी शेखर सरांकडे गेले. म्हटलं, शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या. सरांनी कानावर हात ठेवले.

"शाळेची चूक? लेखी? शारदाताई, तुम्हाला वेड लागलंय का? उद्या तो कागद शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला तर? समुपदेशक नसताना नाव कसं टाकलं म्हणून मलाच धरतील."

"मग चूक माझी म्हणून द्या."

"तुमच्या सेवापुस्तकात शेरा पडेल. दोन वर्षं राहिलीत. आणि त्या पोरीला नर्सिंगला अजून वेळ आहे."

मला भयंकर राग आला. राग सरांचा कमी आणि माझाच जास्त. महिनाभरापूर्वी कुणी मला असला कागद मागितला असता तर मी सरांच्याही आधी कानावर हात ठेवले असते. टेबलावर आले आणि साध्या कागदावर माझ्या नावानं पत्र लिहायला बसले. शिक्का नाही, जावक क्रमांक नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

मराठीत लिहिलं, पण पाठवायचं इंग्रजीत होतं. आणि शाळेत बरं इंग्रजी येणारी एकच पोरगी. तिला बोलावलं, माझ्याच खुर्चीवर बसवलं. मी उभी राहून सांगत होते, ती टाइप करत होती.

"मी या शाळेत क्लार्क आहे. समुपदेशक नाही. शाळेत समुपदेशक नाही. या मुलीला शाळेनं वरच्या पातळीचं काहीही शिकवलेलं नाही. तिनं जे केलं ते एकटीनं केलं. स्वतःचे पेपर स्वतः तपासले, आणि मी बघितलंय त्याप्रमाणे फार कमी मार्क दिले. तिनं अर्ज वेळेत भरला होता. मी अहवाल वेळेत भरला नाही, कारण मी समजत होते की मुदत वाढते."

ती टाइप करत राहिली. मग मी सांगितलं, "माझ्या मूर्खपणामुळे हे झालं." तिची बोटं थांबली. थोड्या वेळानं पुन्हा चालली. मी वाकून बघितलं, म्हटलं, काय लिहिलंस त्याचा अर्थ सांग.

"नजरचुकीमुळं," ती म्हणाली.

"खोड ते. नजरचूक नव्हती. तारीख मला लख्ख दिसत होती. मूर्खपणा लिही."

"मॅडम, तसं लिहित न्हाईत पत्रात."

"तुला कुणी सांगितलं कसं लिहितात? मी समुपदेशक आहे का तू?"

तिनं मूर्खपणा लिहिलं. मी एकदा वाचून घेतलं आणि पाठवलं. शेखर सरांना त्याची प्रत दिली. दुसऱ्या दिवशी मला खुलासा मागणारा मेमो मिळाला. तो टाइप करायला त्यांनी माझ्याकडेच दिला होता.

बोर्डाची परीक्षा सुरू झाली. तिचे पेपर चाललेले, माझं रोज इमेल उघडणं चाललेलं. रसायनशास्त्राच्या पेपरादिवशी उत्तर आलं. चार ओळी. आपल्या प्रामाणिकपणाबद्दल समिती आभारी आहे. सर्व उमेदवारांना एकच नियम असल्यानं अर्ज स्वीकारता येत नाही. उमेदवार पुढील वर्षी अर्ज करण्यास पात्र आहे. खाली सही.

पात्र आहे म्हणे. म्हणजे एक वर्ष गेलं. माझं नाही, तिचं. मी त्या वर्षात आहे तिथंच बसून पगार घेणार होते. पेपर सुटल्यावर तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली, आणि घोटावड्याची एसटी धरायला गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

बोर्ड संपेपर्यंत थांबले. मग एका रविवारी घोटावड्याला गेले. सव्वीस वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याच्या घरी मी गेले नव्हते. काय घेऊन जायचं ते सुचेना, म्हणून काहीच नेलं नाही. रस्ताभर वाटत होतं की इंदूबाई दारातूनच हाकलतील, आणि हाकललं तर बरंच होईल.

इंदूबाई दारात मोबाइलवर गरोदर बायांची माहिती भरत बसल्या होत्या. मला बघून उठल्या.

"या की बाई. बसा. ह्ये पहिल्या पाळीला गेल्यात. पोरगी आत हाय." आणि आत आवाज दिला, "पिऊ, तुझ्या मॅडम आल्यात गं."

मी उभ्याउभ्याच सुरुवात केली. म्हटलं, इंदूबाई, तुमच्या पोरीचं वर्ष माझ्यामुळं गेलं. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला, मी ऐकायला आलेय.

"आदी चहा घ्या," त्या म्हणाल्या. "बोलाया काय, दिवस पडलाय."

त्या चहा टाकायला आत गेल्या. प्रियदर्शिनी बाहेर आली आणि समोर भिंतीला टेकून बसली. हातात लाल पेन होतं. तपासणं चालू असणार. मला बघून तिनं पेनचं टोपण लावलं. तेवढ्यात चहा आला. मी कप हातात घेतला. शेवटी माझाच तोल गेला. अपराधी माणसाला दुसऱ्यावर ओरडल्याशिवाय राहवत नाही, तसं झालं.

"अगं, पण तू तरी माझं का ऐकलंस?" म्हटलं. "तारीख तुला कळत होती. वेबसाइट तुला कळत होती. शिक्का लागत नाही हेसुद्धा तूच मला सांगितलंस. धरून चालायचं नाही, सिद्ध करायचं, असं रोज स्वतःला शिकवतेस. आणि एका क्लार्कनं खिडकीतून सांगितलं मुदत वाढते, की विश्वास ठेवलास? बसायचं होतंस ना माझ्या डोक्यावर! भांडायचं होतंस!"

राग नव्हता तिच्या तोंडावर. गणिताकडं बघते तशी बघत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "अकरावीपासनं मी लई जणांना इचारलं. क्लासवाल्यांना, सरांना, बाईंना. सगळ्यांनी एकच सांगितलं, करू नको. तुमी पहिल्या, ज्यांनी कधी करायचं ते सांगितलं. आपण दोघी बसू, एक-एक प्रश्न भरू, म्हणालात. माझा फॉर्म भरायचाच हाय असं धरून पहिल्यांदा कुणीतरी बोललं. मला लई बरं वाटलं. म्हणून मी काय बोलले न्हाई."

मी हातातला कप खाली ठेवला. मग पदर तोंडाला लावला आणि त्या पोरीच्या घरात, तिच्या आईसमोर, मोठ्यानं रडले. लाजच वाटत होती मला, दुसरं काही नाही.

इंदूबाईंनी मला उगी केलं नाही. त्यांनी मला रडू दिलं.